हरणाच्या रायफलसाठी गोळी निवडताना: रीलोडिंग करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रीलोडिंग म्हणजे सुटे भाग जुळवून काडतुसे घरी भरणे. या पानावर काडतूस म्हणजे पुंगळी (धातूचे कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), पावडर आणि गोळी असा पूर्ण जुळवलेला नग. आणि गोळी म्हणजे त्यातला फक्त पुढचा, नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा. वेगाचे आकडे सेकंदाला इतके फूट असे आहेत, वजन ग्रेनमध्ये आहे. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. १५० ग्रेनची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची असते. पावडर किती भरायची याचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

पुंगळी, पावडर, प्रायमर, गोळी या चौघांत सर्वांत आधी काय ठरवायचे?

गोळी. बरेच जण आधी पावडर आणतात, कारण ती मिळाली तेव्हा घेऊन ठेवलेली असते, आणि मग तिच्यावर बसेल अशी गोळी शोधत फिरतात. हा क्रम उलटा आहे. हरणाच्या अंगाला स्पर्श करते ती फक्त गोळी. जनावर क्षणात पडणार, की जखमी होऊन झाडीत शिरून तासन्‌तास तडफडणार, हे नेमानंतर तीच ठरवते. बाकी तिघांचे काम तिला योग्य वेगाने आणि सरळ तिथवर पोचवण्याचे.

मग गोळी कशावरून ठरवायची? कॅलिबरवरून (म्हणजे व्यासावरून) की वजनावरून?

दोन्हींच्या आधी एक प्रश्न येतो: गोळी हरणाला लागेल त्या क्षणी तिचा वेग किती असेल? मला विचाराल तर सगळी निवड या एका आकड्यावर उभी आहे, आणि नेमका हाच आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो.

शिकारीची गोळी लागल्यावर फुलते: टोक मागे दुमडते, व्यास दीडपट-दुपटीने वाढतो आणि रुंद वाट करत ती आत जाते. हे फुलणे वेगावर अवलंबून आहे. प्रत्येक गोळीला वेगाचा एक पट्टा असतो. त्याच्या खाली ती फुलत नाही, सुईसारखी आरपार निघून जाते. त्याच्या वर ती आत शिरण्याआधीच फुटते. शिशाचा गाभा आणि तांब्याचे जॅकेट असलेल्या नेहमीच्या गोळ्यांसाठी खालची मर्यादा साधारण १८०० धरतात. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या १६०० पर्यंतही फुलतात. निव्वळ तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना २००० च्या आसपास वेग असलेला बरा. नेमका आकडा त्या-त्या कंपनीकडून घ्यावा. बहुतेक कंपन्या तो देतात.

एक उदाहरण जवळून पाहू. ३०-३०, ३०८ विंचेस्टर, ३०-०६ आणि ३०० विंचेस्टर मॅग्नम या चारही काडतुसांत ०.३०८ इंच व्यासाची गोळी बसते. दुकानात ती एकाच फळीवर मांडलेली असते. पण ३०-३० मधली १७० ग्रेनची गोळी नळीतून साधारण २२०० ने निघते, १०० यार्डांवर १९०० च्या जवळ येते आणि २०० यार्डांवर १६०० च्या थोडी वर उरते. त्यामुळे तिचे जॅकेट पातळ आणि टोक मऊ ठेवलेले असते. तीच गोळी कितीतरी जास्त वेगाच्या ३०० मॅग्नममध्ये भरून ३० यार्डांवर हरणाच्या खांद्यावर मारली, तर ती हाडावरच चिंध्या होईल. वरवरची भली मोठी जखम, आतली फुप्फुसे शाबूत, आणि हरीण पळालेले. उलट, मॅग्नमसाठी बनवलेली जाड जॅकेटची १८० ग्रेनची गोळी ३०-३० च्या वेगाने गेली तर ती फुलणारच नाही. व्यास तोच, दुकानातली फळी तीच, आणि दोन्ही वेळा जनावराचे हाल.

तो वेग मला कसा कळणार?

क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) आपल्या रायफलीतून सुरुवातीचा वेग मोजा. मॅन्युअलमधला वेग बऱ्याचदा लांब चाचणी-नळीतला असतो. तुमची नळी आखूड असेल तर शंभर-दीडशे फुटांचा फरक सहज पडतो. मग तो वेग आणि गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (हवेत वेग किती टिकवते त्याचा आकडा) कुठल्याही बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये घाला. प्रत्येक अंतरावरचा उरलेला वेग समोर येतो. ३०८ मधून १५० ग्रेनची साधी टोकदार गोळी २८२० ने निघाली, तर २०० यार्डांवर साधारण २२५० आणि ४०० यार्डांवर १७७५ च्या आसपास असते. म्हणजे ही गोळी कितीही अचूक असली तरी ४०० यार्ड ही तिच्या फुलण्याची कड झाली. तुमचा नेम तिथवर पोचत असेलही, पण गोळीचे काम त्याआधीच संपलेले असते.

हरणासाठी कोणत्या कॅलिबरमध्ये किती वजन घ्यावे?

व्हाइटटेल किंवा म्यूल डिअरच्या मापाच्या हरणासाठी, शिशाचा गाभा असलेली गोळी धरून: २४३ विंचेस्टरला ९० ते १००, ६.५ क्रीडमूरला १२० ते १४३, २७० विंचेस्टरला १३०, ७ एमएम-०८ ला १४०, ३०८ आणि ३०-०६ ला १५० ते १६८, ३०-३० ला १५० किंवा १७०. २७० तर १९२५ साली आली तीच १३० ग्रेनची गोळी घेऊन, आणि हरणासाठी तिच्यात फार काही बदलायची गरज अजून पडलेली नाही.

२४३ बद्दल थोडे थांबून सांगतो. या कॅलिबरमध्ये ५५ ते ७५ ग्रेनच्या गोळ्या मिळतात आणि त्या अचूक असतात. पण त्यातल्या बहुतेक कोल्हा किंवा ग्राउंडहॉगसारख्या छोट्या जनावरांसाठी, लागताक्षणी फुटण्यासाठी बनवलेल्या असतात. हरणाच्या बरगडीवर त्या वापरू नका. खोक्यावर ‘व्हार्मिंट’ लिहिले असेल तर ते हरणासाठी नाही, मग कागदावरचा गट (एकाच नेमाने पडलेल्या भोकांचा पुंजका) कितीही सुंदर येवो.

गोळ्यांचे प्रकार इतके आहेत, फरक नेमका कशात?

जॅकेट आणि गाभा एकमेकांना किती घट्ट धरून राहतात, यात. चार घराणी समजून घेतली की खोके वाचता येते.

पहिले, साध्या कप-अँड-कोअर गोळ्या: तांब्याच्या पेल्यात शिशाचा गाभा. हॉर्नाडी इंटरलॉक आणि सिएरा गेमकिंग या ओळखीच्या. २३०० ते २९०० च्या दरम्यानच्या साध्या काडतुसांत, बरगडीमागे घेतलेल्या नेमाला, हरणासाठी याच पुरेशा आहेत. स्वस्त असल्यामुळे सरावालाही तीच गोळी वापरता येते, आणि हा फायदा लोक फार कमी मोजतात.

दुसऱ्या, प्लास्टिकच्या टोकाच्या. टोक मागे ढकलले जाते आणि गोळी झटकन उघडते. नॉस्लर बॅलिस्टिक टिप किंवा हॉर्नाडी एसएसटी मध्यम अंतरावर हरीण जागेवर पाडतात. मॅग्नमच्या वेगाने जवळून लागल्या तर मात्र मांस फार नासवतात.

तिसऱ्या, बाँडेड किंवा आतून भिंत असलेल्या. बाँडेडमध्ये गाभा जॅकेटला धातूच्या पातळीवर जोडलेला असतो. नॉस्लर अ‍ॅक्युबाँड हे त्याचे उदाहरण. भिंतीची कल्पना जॉन नॉस्लर यांची. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत चिखल वाळून कडक झालेल्या खांद्यावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. त्यावरून त्यांनी मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली आणि १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली. पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत ढकलत जातो. मुद्दा तोच: वेग जास्त आणि जनावर जाड, म्हणून बांधणी बदलावी लागली.

चौथ्या, निव्वळ तांब्याच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या. बार्न्सने १९८९ साली एक्स बुलेट आणली तेव्हापासून या रुळल्या. टोकाला पोकळी असते, तिच्यातून चार पाकळ्या मागे वळतात, आणि वजन जवळजवळ सगळे टिकते. यांचा वेगळा प्रश्न खाली आहे.

हरणासाठी महागडी बाँडेड गोळी घ्यायलाच हवी का?

नाही. हरीण हे जाड कातडीचे जनावर नाही. ३०८ मधून १५० यार्डांवर फुप्फुसात मारणार असाल तर साधी गोळी आणि महाग गोळी यांत हरणाला फरक कळणार नाही. मॅग्नम वापरत असाल, दाट झाडीत २०-३० यार्डांवर तिरपा नेम घ्यावा लागत असेल, किंवा त्याच काडतुसाने एल्कचीही शिकार करायची असेल, तर ते पैसे सार्थकी लागतात. एरवी तीच रक्कम जास्त सरावावर घाला.

मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धांच्या गोळ्या, फार अचूक येतात. त्या का नाही?

कारण त्या कागदाला भोक पाडायला बनवल्या आहेत. जॅकेट पातळ आणि टोकाला बारीक छिद्र असते, पण ते छिद्र तयार करण्याच्या पद्धतीतून उरलेले असते, फुलण्यासाठी ठेवलेले नसते. जनावराच्या अंगात ती कधी फुटते, कधी न फुलता आरपार जाते, कधी आडवी होते. खुद्द सिएरा आपली मॅचकिंग शिकारीसाठी सुचवत नाही. काही जण वर्षानुवर्षे वापरतात आणि चालते म्हणतात. ते खरेही असेल. पण १०० यार्डांवर पाऊण इंचाचा गट आणि सव्वा इंचाचा गट यातला फरक हरणाच्या फुप्फुसाच्या मापापुढे काहीच नाही, आणि त्या अर्ध्या इंचासाठी बेभरवशाची गोळी स्वीकारणे मला पटत नाही.

पूर्ण जॅकेटच्या, न फुलणाऱ्या गोळ्यांचा तर विचारही नको. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी त्यांना कायद्याने बंदी आहे.

शिसे टाळून तांब्याकडे वळावे का?

हा प्रश्न मांस खाणाऱ्यांचा आहे तसाच रानातल्या पक्ष्यांचाही आहे. शिशाची गोळी फुलताना तिचे कण उडतात आणि जखमेपासून वीतभर, कधी त्याहून लांब मांसात रुततात. त्यातले बरेच इतके बारीक असतात की दाताखाली येत नाहीत, एक्स-रेमध्येच दिसतात. २००८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने ते मांस वाटू नका असे सांगितले होते. रानात टाकलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांचे हाल याहून मोठे. कॅलिफोर्निया कॉंडोर हे गिधाड १९८७ साली पूर्णपणे पिंजऱ्यात आणावे लागले. तेव्हा जगात ते २७ उरले होते. रानात परत सोडल्यावरही त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण शिसेच राहिले आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही.

माझे मत सरळ आहे: घरात लहान मुले किंवा गरोदर बाई ते मांस खाणार असेल तर तांबे घ्या. शिसे वापरणार असाल तर जखमेभोवतालचे मांस हात आखडता न घेता कापून फेका, आणि कण असलेली आतडी उघड्यावर सोडू नका.

तांब्याची गोळी तितक्याच वजनाची घेतली तर चालेल?

बहुधा थोडी हलकी घ्यावी लागेल. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला नळीतला पीळ (आतल्या खाचांचे वळण) घट्ट लागतो, शिवाय ती पुंगळीत जास्त खोल बसून पावडरची जागा खाते. वजन टिकत असल्यामुळे हलकी तांब्याची गोळीही पुरेशी खोल जाते. ३०८ मध्ये शिशाची १६५ वापरत असाल तर तांब्याची १५० किंवा १३० बघा. २४३ मध्ये १०० च्या जागी ८० ते ८५. हलकी गोळी जास्त वेगाने जाते, आणि तांब्याला फुलायला तो वेग हवाच असतो.

दोन गोष्टी सांभाळा. आधी नळी तांब्याच्या जुन्या थरासकट स्वच्छ करा. आणि गोळी रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) चिकटवून बसवू नका. या गोळ्यांना बहुधा ०.०५० इंच किंवा अधिक मोकळी जागा आवडते.

माझ्या नळीचा पीळ गोळीला पुरतो हे कसे ओळखू?

पीळ म्हणजे रायफलिंगचा एक पूर्ण वळसा किती इंचांत होतो ते. ६.५ क्रीडमूरमध्ये तो साधारणपणे ८ इंचांत, २४३ मध्ये बऱ्याचदा १० इंचांत, ३०८ मध्ये १० किंवा १२ इंचांत होतो. गोळीच्या खोक्यावर किमान पीळ लिहिलेला असेल तर तो पाळा. गोळी डळमळत असेल तर कागद सांगतो: भोक गोल न पडता लांबट, किल्लीच्या भोकासारखे पडते. असे एकही भोक दिसले तर ती गोळी त्या रायफलीतून शिकारीला न्यायची नाही. थंडीत हवा दाट होते आणि स्थिरता आणखी घटते, म्हणून उन्हाळ्यात जेमतेम पास झालेली जोडी हिवाळ्यात नापास होऊ शकते.

एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या असतील तर पावडर तीच ठेवता येते का?

नाही, आणि या एका उत्तरावर तडजोड नको. वजन सारखे असले तरी नळीला घासणारा भाग, जॅकेटचा कडकपणा आणि पुंगळीत बसण्याची खोली वेगळी असते, म्हणून दाबही वेगळा येतो. गोळी बदलली की त्या गोळीच्या कंपनीच्या मॅन्युअलमधल्या पावडरच्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा पायरी-पायरीने वर यायचे. प्रायमर चपटा होणे, बोल्ट जड उघडणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे ही जास्त दाबाची लक्षणे आहेत, पण ती दिसेपर्यंत दाब आधीच फार वर गेलेला असतो. लक्षण दिसले नाही म्हणून माप बरोबर, असे समजू नका.

खोक्यातून सुटलेली, ओळख न पटणारी गोळी वजनकाट्यावर मोजून अंदाजाने भरू नये. ३०३ ब्रिटिशची गोळी ०.३११ च्या आसपास असते; ती ०.३०८ च्या ढिगात मिसळली तर डोळ्यांना कळत नाही, मायक्रोमीटरला कळते.

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत टोकदार गोळी का चालत नाही?

बहुतेक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक रांगेत बसतात. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकते. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढचे काडतूस मॅगझिनमध्येच उडू शकते. म्हणून चपट्या टोकाची गोळी, किंवा खास त्यासाठी बनवलेली मऊ रबरी टोकाची. अशा रायफलीत गोळी धक्क्याने पुंगळीत आत सरकू नये म्हणून क्रिम्पही (पुंगळीचे तोंड गोळीवर दाबून आवळणे) लागतो, त्यासाठी खाच असलेलीच गोळी घ्या.

बोट-टेल (मागे निमुळती) गोळी घ्यावी की सपाट बुडाची?

२५० यार्डांच्या आत काहीही घ्या. बोट-टेल पुंगळीच्या तोंडात अलगद बसते. सपाट बुडाच्या गोळीसाठी पुंगळीचे तोंड आतून नीट चॅम्फर केलेले, म्हणजे कड तिरकी घासलेले, हवे, नाहीतर बसवताना जॅकेटवरून केसाएवढी तांब्याची कड सोलून निघते. ती कड पुंगळीच्या तोंडाशी चमकताना दिसली तर ते काडतूस बाजूला ठेवा. लांब, निमुळत्या गोळीवर सीटिंग डायच्या (गोळी पुंगळीत बसवणाऱ्या साच्याच्या) दांड्याचा गोल वळ उमटत असेल तर त्या आकाराचा दांडा मागवावा लागतो.

हरणाला किमान १००० फूट-पौंड ऊर्जा हवी म्हणतात. ते खरे का?

जुना ठोकताळा आहे. वाईट नाही, पण त्यावर विसंबू नका. ऊर्जा भरपूर असलेली न फुललेली गोळी फुप्फुसातून बारीक भोक पाडून निघून जाते. आधी फुलण्याचा वेग तपासा. तो जमला तर वरच्या बहुतेक काडतुसांत ऊर्जा आपोआप पुरते. मात्र काही देशांत कायद्यातच किमान कॅलिबर, वेग किंवा ऊर्जा लिहिलेली असते; तिथे तो आकडा पाळायचाच.

गोळीने काम चोख केले का, हे शिकारीनंतर कसे तपासू?

मांस सोलताना घाई करू नका. आत जाण्याचे आणि बाहेर पडण्याचे भोक बघा, फुप्फुसातली वाट बघा. चांगल्या वाटेला बाहेरचे भोक आतल्यापेक्षा मोठे असते आणि दोन्ही फुप्फुसे गेलेली असतात. अशा नेमानेही हरीण पन्नास-शंभर यार्ड धावू शकते. तो गोळीचा दोष नव्हे. बाहेर पडलेले भोक असेल तर रक्ताचा माग लवकर सापडतो, म्हणून दाट रानात आरपार जाणारी गोळी मला जास्त आवडते.

गोळी कातडीखाली अडकलेली सापडली तर धुऊन पावडरच्याच काट्यावर तोला. १५० ची गोळी ९६ ग्रेन उरली असेल तर ६४ टक्के वजन टिकले. साध्या गोळीला हे ठीक आहे, बाँडेडला कमी आहे, तांब्याच्या गोळीची पाकळी तुटल्याची खूण आहे. पण टक्केवारी हे परीक्षेचे गुण नाहीत. अर्धी झिजलेली गोळी दोन्ही फुप्फुसे घेऊन पलीकडच्या कातडीपाशी थांबली असेल तर तिने पूर्ण काम केले. अंतर, वेग, लागलेली जागा आणि उरलेले वजन वहीत लिहून ठेवा.

भारतात हे करता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि काडतुसे बनवण्यावर शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. वरची माहिती परवाना घेऊन कायदेशीर शिकार आणि रीलोडिंग जिथे चालते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. तिथेही राज्य बदलले की नियम बदलतात. प्रत्येक हंगामाआधी शिशाचे आणि किमान कॅलिबरचे नियम ताजे वाचावेत.

गोळी पसंत पडली. आता किती घ्याव्यात?

आधी एकच खोके घ्या, माप बसवा, तुमच्या नेहमीच्या अंतरावर आणि शिकारीच्या बसण्या-टेकण्याच्या पद्धतीने मारून बघा. जमले तर एकाच लॉट क्रमांकाची (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेची) दोन-तीन वर्षांची बेगमी करा. लॉट बदलला की गोळीची लांबी आणि नेम दोन्ही किंचित सरकू शकतात, म्हणून नव्या लॉटची दुर्बीण पुन्हा शून्यावर तपासा आणि पावडर पुन्हा थोडी खालून चढवा. मॅगझिनमध्ये मऊ शिशाचे टोक धक्क्यांनी चेपते; तेच काडतूस चेंबरमध्ये पुन्हापुन्हा घालून काढले तर गोळी आत सरकते. हंगामात रोज संध्याकाळी रिकाम्या केलेल्या रायफलीतली काडतुसे कॅलिपरने मोजा, आणि लांबी बदललेली दिसली तर ती सरावाच्या डब्यात टाकू नका, मोडून नव्याने भरा.